नांदेडच्या बीचवर नॅचरल

नांदेडला बीच आहे, हे मला माझं लग्न ठरल्यावर कळलं. त्याआधी मी नांदेडला पुष्कळदा गेले होते, पण नातेवाइकांनी मला फक्त एकमेकांची घरं दाखवली होती.

प्री-वेडिंगचे फोटो काढणाऱ्या माणसाकडे तीन पॅकेजं होती. किल्ल्याच्या पॅकेजात घोडा मिळत होता, शेताच्या पॅकेजात बैलगाडी मिळत होती आणि बीचच्या पॅकेजात काहीच मिळत नव्हतं, पांढरे कपडे आपले आपण आणायचे होते. बीच म्हणजे शहराबाहेर, गोदावरीचं पाणी ओसरल्यावर उघडा पडणारा वाळूचा पट्टा. मी समुद्र पाहिलेला नाही. इंग्रजी शाळेत भूगोलाच्या पुस्तकातून तो पाठ केला आहे. त्यामुळे नदीला बीच म्हणायला माझी हरकत असण्याचं कारण नव्हतं आणि मला कुणी विचारलंही नव्हतं.

निवड केली माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या आत्यांनी. त्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. त्या घरात शेवटचा शब्द त्यांचा असतो असं सगळे सांगतात. पांढरे कपडे ऐकल्याबरोबर त्यांचं ठरलं.

"आपल्यात तर पांढरंच घालून लगीन लागतं. हे प्याकेज त्यानं आपल्याच लोकांसाठी काढलं आसंल."

इतर समाजांत याच पांढऱ्या रंगावरून मुलीच्या आया रुसतात, असं फोटोग्राफर नंतर म्हणाला. बौद्ध घरांची शूट त्याला फार सुखाची जातात. दीक्षा घेताना माझ्या पणजोबांच्या डोळ्यांपुढे हा फायदा नक्कीच नसणार.

मला खरं तर बीच नको होता आणि किल्लाही नको होता. मला एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं. लग्नानंतर मी नोकरी करायची की नाही?

लातूरच्या एका क्लासमध्ये मी प्रश्न काढते. शिकवत नाही. शिकवायला समोर माणसं लागतात, आणि समोर माणसं आली की माझा आवाज घशातच बसतो. मागच्या खोलीत बसून जीवशास्त्राचे प्रश्न काढायचे, प्रत्येकाला चार पर्याय द्यायचे आणि त्यातला एकच बरोबर ठेवायचा, हे काम मला जमतं. आवडतंही. त्याच क्लासची नांदेडला शाखा आहे आणि तिथे माझी बदली करायला सर तयार होते. मात्र महिनाअखेरपर्यंत त्यांना हो किंवा नाही सांगायचं होतं. नाहीतर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

साखरपुड्यात पप्पांनी हा विषय काढला. सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडं सुनेला कशाचीच कमी न्हाई." सासरे म्हणाले, "पोरगी शिकलेली हाय, याचा आम्हाला अभिमान हाय." दोन्ही वाक्यं फार चांगली होती. प्रश्नपत्रिकेत आम्ही चुकीचे पर्याय अगदी असेच देतो, दिसायला बरोबर आणि विचारलेल्या गोष्टीशी काही संबंध नसलेले. एकेक काढायला आमची सकाळ जाते. इथे ते पेढ्याबरोबर सहज निघत होते. पप्पांनी मान डोलावली आणि दुसरा पेढा घेतला.

राहिला मुलगा. तो पाटबंधारे खात्यात इंजिनियर आहे. त्याला विचारावं म्हटलं तर त्याचा फोन कायम स्पीकरवर असायचा. त्यांच्या घरची तशी रीतच आहे. "आमच्याकडं लपूनछपून काही नसतं," असं आत्यांनी पहिल्याच फोनला सांगून टाकलं. तो विचारायचा, "जेवलात का?" मी हो म्हणायचे. मागून आवाज यायचा, "काय जेवली इचार." मी वरण-भात म्हटलं की पलीकडे थोडी चर्चा व्हायची आणि तो म्हणायचा, "आई म्हणते, भाजी पण खात जा." दोन महिने आम्ही असं प्रेमाचं बोललो. माझ्या आहाराविषयी त्या घराला जेवढं माहीत आहे तेवढं आमच्या डॉक्टरांनाही नाही.

तर जानेवारीतल्या एका गारठ्याच्या सकाळी आम्ही त्या वाळूवर पोचलो. मुलीकडचं एक बाईमाणूस सोबत लागतं म्हणून माझ्याबरोबर उदगीरची मामी होती. मुलाबरोबर त्याच्या आत्या होत्या. दोघींनी सतरंजी अंथरली, डबे उघडले आणि कुणी आधी खायचं यावरून त्यांचा अतिशय नम्र वाद सुरू झाला.

"घ्या की विहीणबाई."

"आधी तुम्ही. तुम्ही मुलाकडच्या."

"मुलाकडचं न् मुलीकडचं काय घेऊन बसलात, धपाटं गार होऊन राहिलं."

फोटोग्राफर गाडीतून सामान उतरवत होता. मी चपला काढून थोडी पुढे गेले.

धुकं पाण्यावरच अडकलं होतं, वाळू मात्र स्वच्छ दिसत होती. वाऱ्याने तिच्यावर बारीक लाटा उठवल्या होत्या, एकीशेजारी एक, हाताच्या पंजाएवढं अंतर ठेवून. एखादी लाट सरळ जाता जाता मध्येच फुटायची आणि तिच्या दोन व्हायच्या, अंगठ्याच्या ठशातली रेघ फुटते तशी. पाण्याच्या कडेला वाळू ओली होती. तिथे शिंपल्यांनी सरपटत चऱ्या पाडल्या होत्या. एक चरी बरीच लांब वळणं घेत गेली होती आणि तिच्या टोकाला तो शिंपला अर्धा रुतून बसला होता. एवढा प्रवास करून तो निघाल्या जागेपासून वीतभरच पुढे आला होता. मला त्याच्याविषयी आपुलकी वाटली.

वरच्या अंगाला वाळूतून पाणी झिरपत खाली येत होतं. त्याचे एकाचे दोन, दोनाचे चार असे ओहोळ होऊन झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी झाली होती. फुप्फुसातल्या नळ्यांची आकृती मी दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या प्रश्नात घालते. ती हीच. गाळ वाळला होता तिथे त्याचे तुकडे पापडासारखे कडांनी वर वळले होते. टिटवीच्या पावलांचे ठसे होते, तीन-तीन बोटांचे. तिचं मागचं बोट इतकं आखूड असतं की ते वाळूला टेकतच नाही. आणि या सगळ्याला आडवी छेदत दोन रुंद पट्ट्यांची, खालीवर एकसारखी, मापात काढलेली नक्षी गेली होती. त्या पूर्ण पट्ट्यातली सगळ्यांत रेखीव नक्षी तीच होती. ती वाळू नेणाऱ्या ट्रॅक्टरच्या टायरची होती.

"मॅडम, तिथून बाजूला व्हा," फोटोग्राफर मागून म्हणाला. त्याच्या एका हातात खराटा आणि दुसऱ्या हातात बागेतलं दाताळं होतं. "आधी हे सगळं मिटवतो. मग नॅचरल करू."

मला वाटलं तो टायरच्या खुणांविषयी बोलतोय. पण त्याने टिटवीपासून सुरुवात केली. मग वाऱ्याच्या लाटा झाडल्या, मग पापड. जागा आमच्या अंगणासारखी सपाट झाल्यावर त्याने दाताळं ओढून नव्या लाटा काढल्या, ठळक आणि समांतर.

"आधी पण लाटा होत्या ना," मी म्हटलं. माझ्या मानाने हे मोठंच भाषण होतं.

"त्या लई बारीक होत्या मॅडम. कॅमेऱ्यात दिसत न्हाईत. बीच कसा पाहिजे, पाहिल्याबरोबर बीच वाटला पाहिजे."

मग त्याने पिशवीतून शंख काढले आणि एक तारामासा काढून ओल्या कडेला ठेवला. गोड्या पाण्यात तारामासा जगत नाही. हे मी दोन वेगवेगळ्या परीक्षांत विचारलेलं आहे. तेही मी बोलून गेले असते, पण पाहिलं तर तारामासा प्लास्टिकचा होता आणि त्याला कुठलंही पाणी चाललं असतं.

सगळं नॅचरल झाल्यावर त्याने ड्रोन काढला. तो उडाला तशी सतरंजीवरचा वाद थांबला.

"हे काय हाय रे?" आत्यांनी विचारलं.

"ड्रोन हाय मावशी. वरून सगळं येतं यात."

"सगळं?"

"एकूण एक."

आत्यांनी पदर सारखा केला. त्यांच्या घरात सगळं म्हणजे आधी ऐकू येणारं. दिसण्याला त्या घरात दुसरा नंबर आहे. ड्रोन डोक्यावर आला तशी त्यांची बसण्याची पद्धत बदलली. मान किंचित वर करून, एरवीपेक्षा मोठ्या आवाजात त्या मामीला म्हणाल्या, "आमच्या घरात सुनेवर कोणी आवाज चढवत न्हाई. ती रीतच न्हाई आमच्याकडं."

मामी हुशार आहे. तीही वर बघत म्हणाली, "आमची पोरगी बी लई गुणाची. एका शब्दानं उलटून बोलत नाही."

"हुंडा-बिंडा आम्ही मागितला न्हाई."

"आम्ही बी मानपानाचं काही मनात धरलं नाही."

अशी थोडा वेळ दोन्ही बाजूंनी आकाशात साक्ष चालली. ड्रोन दुसरीकडे गेला की दोघी धपाटं खायच्या आणि परत आला की मान वर करायच्या.

मग फोटोग्राफरने आम्हाला पुढे घेतलं. "सर, मॅडम, हातात हात घ्या. त्या वाकड्या बाभळीपर्यंत चालत जायचं. मागं वळून बघायचं न्हाई. आपापसात बोलत राहा, काही बी बोला. आवाजाचं टेन्शन घेऊ नका."

मी आत्यांकडे पाहिलं. एरवी त्यांनी आम्हाला अंगणाच्या फाटकापर्यंतसुद्धा एकटं जाऊ दिलं नसतं. आज त्या हसल्या आणि त्यांनी वर बोट दाखवलं. "जा, जा बिनधास्त. वर ते हाय ना."

आम्ही चालू लागलो. त्याचा हात गार होता आणि माझाही. त्यामुळे हात धरल्याचं दोघांनाही फारसं जाणवलं नाही. दाताळ्याच्या लाटा संपून खऱ्या लाटा सुरू झाल्या. आमचे पाय त्या मोडत चालले होते.

"थंडी आहे," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं. मग वर पाहिलं. "त्याला ऐकू जातं का?"

"नाही. एवढ्या पंख्यांच्या आवाजात काय ऐकू जाणार."

"मग आत्यांना सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर त्याही चालत आल्या असत्या आपल्याबरोबर."

दोन महिन्यांत मी त्याचं ऐकलेलं हे पहिलं बोलणं, ज्यात जेवण किंवा हवामान नव्हतं. मला धीर आला. पाठ केलेलं सगळं मी एका दमात बोलून टाकलं. नोकरी सोडायची नाही, नांदेडच्या शाखेत जागा आहे, सरांना महिनाअखेर सांगायचंय.

"चालेल की नाही?" मी विचारलं.

"मला चालेल," तो वाळूकडे बघत म्हणाला.

"आणि घरी?"

"घरी सांगू हळूहळू. लग्न तर होऊ दे."

"हळूहळू म्हणजे कधी?"

"आत्याला चालणार नाही, असं आई म्हणते."

"आत्यांना विचारलं का कुणी?"

तो थांबला. माझ्याकडे त्याने अशा नजरेनं पाहिलं, जणू मी नदीला पूर का येतो असं पुराला विचारायला सांगतेय. "आत्याला कोण विचारणार?"

"तुम्ही."

"आत्ता?"

"आत्ताच. इथे तुम्ही हो म्हणालात, पण इथे ऐकायलाच कुणी नाही. या होचं मी काय करू? सरांना काय सांगू, वाळूत चालताना हो म्हणाले होते?"

बोलताना माझा हात सुटला होता. मागून लांबून हाक आली, "हाऽऽत! सर, हात!" त्याने निमूटपणे माझा हात पुन्हा धरला. आम्ही बाभळीपर्यंत गेलो. शोभिवंत जोडपं दिसत असणार.

परत येताना आमच्याच पावलांच्या खुणा खराब होऊ नयेत म्हणून आम्हाला पाण्याच्या कडेने यायला सांगितलं होतं. ओली वाळू पायाला चावत होती. तो म्हणाला, "आज नको. मी सांगतो नंतर." मी भराभर पुढे झाले. आता काही म्हटलं असतं तर ते रडण्यासारखं निघालं असतं.

ड्रोन खाली उतरला होता. आत्या उठून फोटोग्राफरजवळ येऊन उभ्या होत्या. "हां, लाव बरं आता. काय बोलत होते ऐकू दे."

"आवाज नसतो मावशी त्यात."

"म्हंजे?"

"नुसतं चित्र येतं. आवाजाच्या जागी मागून गाणं टाकतो मी."

आत्यांनी वाकून ड्रोन पाहिला. "मग मी इतका येळ कोणासाठी बोलून राहिले?"

मामीने पदर तोंडाला लावला. आत्या तिच्याकडे न बघता भाच्याकडे वळल्या. "काय बोलत होता रे?"

"काही नाही आत्या. थंडीचं."

तेवढ्यावर ते संपलं असतं. आमच्यासारख्या घरांत गोष्टी अशाच संपतात, थंडी खूप आहे म्हणून. मामी डबे आवरायला लागली होती, फोटोग्राफर मान खाली घालून छोट्या पडद्यावर आम्हाला बघत होता. मला नांदेडच्या शाखेतली, अजून न पाहिलेली मागची खोली दिसली. तिथली खिडकीजवळची माझी खुर्ची दिसली, आणि तिच्यावर बसलेलं दुसरं कुणीतरी.

"थंडीचं नाही," मी म्हटलं. आवाज चिरका निघाला, पण निघाला. "आत्या, मी नोकरीचं विचारलं. लग्नानंतर इथे नांदेडला करायची आहे मला."

मामीने माझ्या दंडाला चिमटा काढला. आत्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या म्हणाल्या, "आनि हा काय म्हणला?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण मी दिलं असतं तर ते माझं झालं असतं. "त्यांनाच विचारा," मी म्हटलं.

तो पायाच्या अंगठ्याने तारामासा वाळूत पुरत होता. पूर्ण पुरून झाला, पाचही हात गेले. मग तो एकदम नांदेडच्या बोलीत बोलला.

"मी म्हणलं, मला चालतंय. पर तुला चालनार न्हाई म्हणून आई सांगून राहिली."

"मला?" आत्यांचा आवाज चढला. ड्रोन खाली असल्याने आता अडचण नव्हती. "मला कोन इचारलं? कधी इचारलं? सगळं घर माझं नाव घेऊन न्हाई म्हणून राहिलं, आनि मलाच पत्ता न्हाई? मी काय वाघ हाय का रे?"

कुणीच नाही म्हणालं नाही.

"तुझी आई दोन महिने मला म्हणून राहिली, पोरगीलाच नोकरी नको हाय म्हणून. मी म्हणलं, ऱ्हाऊ द्या मग."

म्हणजे तिकडे माझ्या नावावर नकार चालला होता आणि इकडे आत्यांच्या. सासूबाईंनी दोन्ही चुकीचे पर्याय एकाच वेळी दोन ठिकाणी वापरले होते. प्रश्न काढणारी बाई म्हणून मी मनातल्या मनात त्यांना मानलं.

"करू दे की तिला नोकरी," आत्या म्हणाल्या. "पर मला आधी इचारायचं. मला इचारल्याबिगर काही व्हायचं न्हाई, हे मात्र खरं हाय." मग मामीकडे वळून, "ऐकलं ना विहीणबाई? मी परवानगी दिली. भाऊजयीला काय सांगायचं ते मी सांगते. सकाळच्या कामाचं काय करायचं ते मात्र तुमचं तुम्ही ठरवा, त्यात मी पडत न्हाई."

मामीने हात जोडले. मग माझ्या पाठीवर थोपटलं की पाया पडायला मला पुढे ढकललं, ते कळलं नाही.

फोटोग्राफरने मान वर केली. हे सगळं त्याने ऐकलं होतं की नाही कुणास ठाऊक. "सर, परत एकदा चालावं लागंल. दोघं बी खाली बघून राहिले सगळ्यात. पंचनाम्याला आल्यासारखं दिसून राहिलं."

त्याने खराटा उचलला, परत ठेवला आणि ड्रोन वर सोडला. ऊन वर आलं होतं, धुकं गेलं होतं. तो म्हणाला, आता नवीन लाटा काढायला वेळ नाही, तसंच चाला, पाऊलखुणांवर हृदय काढून झाकून टाकतो कॉम्प्युटरवर.

आम्ही पुन्हा निघालो. पहिल्या फेरीच्या आमच्या खुणा समोर होत्या. बाभळीच्या अलीकडे एका जागी दोन्ही जोड्या थांबून एकमेकींकडे वळलेल्या होत्या. आम्ही ती जागा ओलांडली.

"रागावलीस?" त्याने विचारलं.

"नाही."

थोडं चालल्यावर तो म्हणाला, "कामाची वेळ काय असते तुझी?"

मी सांगितलं. पहिल्या बॅचच्या आधी पेपर तयार लागतात, म्हणून सकाळी लवकर जावं लागतं. तो बोटांवर हिशेब करू लागला.

"नळ सकाळीच येतो आमच्याकडे," तो म्हणाला. "दोन दिवसाआड. वरच्या टाकीला दाब पोचत नाही, खालून बादल्या न्याव्या लागतात. आत्या सकाळचं काम म्हणाली ना, ते हे. सगळ्यांनी ते तुझं धरलंय."

"माझं?"

"म्हणजे सुनेचं." मग चालता चालता तो म्हणाला, "मी भरीन."

"पाटबंधारे खात्यात आहात. जमायला हवं," मी म्हटलं.

तो हसला. मग हसू थांबलं आणि तो काहीतरी ठरवल्यासारखा उभा राहिला. मागे वळायचं नव्हतं. तो वळला, आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, "आत्या! पाणी मी भरनार हाय!"

लांब सतरंजीपाशी आत्यांनी कानामागे हात धरला. फोटोग्राफर दोन्ही हात हलवून नको नको करत होता. त्याने पुन्हा ओरडून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "थांब, जाऊनच सांगतो." आणि वाऱ्याच्या त्या बारीक लाटा तुडवत, ड्रोनच्या सावलीतून तो सरळ तिकडे निघाला.

मी बाभळीजवळ उभी राहिले. तो पोचलेला दिसला, हात वर-खाली करून बादल्या दाखवताना दिसला. शब्द माझ्यापर्यंत येत नव्हते. आत्यांनी कपाळावर हात मारून घेतला, मग मामीला काहीतरी सांगितलं, आणि मामीने डब्यातलं उरलेलं धपाटं काढून त्याच्या हातावर ठेवलं.

दुपारी लातूरला परतताना मामीला गाडीत डुलकी लागली. मी सरांना फोन लावला आणि नांदेडची जागा घेते म्हणून कळवलं.